पंचवीस पॉइंट सात

तळेगाव दाभाडे हे एक गाव नाही, दोन आहेत: गाव आणि स्टेशन. रिक्षावाल्याला नुसतं ‘तळेगाव’ म्हटलं तर तो किल्लीला हात लावत नाही. ‘गावात का स्टेशनला?’ हे आधी ठरतं. गावात सरसेनापती दाभाड्यांचा वाडा, तळं, इतिहास. स्टेशनला लोकल आणि लोकलमुळे इथे येऊन पडलेली आमच्यासारखी माणसं. मी स्टेशनवाला. बाल्कनीला काचा लावून तिथे सोल्डरिंग आयर्न, जुना ऑसिलोस्कोप आणि वायरींचा गुंता मांडला आहे. बायको त्याला अडगळ म्हणते, मी वर्कशॉप म्हणतो. व्यवसाय कोणी विचारलाच तर ‘एम्बेडेड’ असं सांगतो. मग समोरचा थोडा वेळ गप्प राहतो आणि आपली वॉशिंग मशीन बिघडल्याचं सांगतो.

माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे पॉलिहाउसवाले. मावळात गुलाबाचा धंदा मोठा. तळेगावात एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, हॉर्टिकल्चरचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि आजूबाजूच्या गावांत भाताच्या खाचरांशेजारी प्लॅस्टिकची पांढरी घरं उभी आहेत. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला परदेशात कोणी कोणाला लाल गुलाब दिला, तर तो मावळातलाही असू शकतो. ते फूल फेब्रुवारीचं असलं तरी त्याचं नशीब डिसेंबरातच ठरतं. वाकवणी, छाटणी तेव्हाच होते, आणि त्यानंतर तापमान बिघडलं की फूल एक तर लवकर येतं, नाही तर येतच नाही.

अशाच एका पॉलिहाउसच्या काकांकडे मी पूर्वी एक कंट्रोलर बसवला होता. काम साधं: सेन्सर तापमान सांगतो, गरम झालं की कंट्रोलर फॉगर सुरू करून पडदे उघडतो, गार झालं की फॉगर बंद करून पडदे पाडतो. आत ८०५१. माझ्या पिढीच्या इंजिनिअरला ८०५१ हा चिप नसून संस्कार आहे. कॉलेजात पहिला एलईडी आम्ही त्याच्यावर लुकलुकवला आणि त्या आनंदात पुढची कित्येक वर्षं काढली. तो डबा काकांकडे बिनतक्रार चालला. पण काकांना मोबाइलवर मेसेज हवा झाला, तोही मराठीत, आणि ते काही त्या डब्याला झेपणारं नव्हतं. मी म्हणालो, ‘काका, नवीन एआरएमचा बोर्ड टाकू. कोड आहेच आपला. तो नुसता उचलून इकडे ठेवायचा.’

‘नुसता उचलून इकडे ठेवायचा’ हे वाक्य एम्बेडेडच्या धंद्यात कायद्याने बंद करायला हवं.

कोड उचलला. सी भाषा तीच, ओळी त्याच. दोन-चार रजिस्टरांची नावं बदलली आणि कंपायलरने एकही तक्रार न करता फाइल करून दिली. एका संध्याकाळी बाल्कनीत सेन्सर जोडला. स्क्रीनवर आलं: २५.७. सेन्सरला स्वतःचीही छोटी स्क्रीन होती, तिच्यावरही २५.७. मी फोटो काढला, काकांना पाठवला आणि त्याच बैठकीत बिल केलं. बिलात ‘टेस्टिंग’ नावाची एक वेगळी ओळ होती आणि तिचे वेगळे पैसे लावले होते. ती ओळ आठवली की आजही कान गरम होतात.

मध्येच आकडा क्षणभर ५१.३ झाला होता, हेही सांगतो. मी वायर हलवली, तो परत २५.७ झाला. वायर हलवल्यामुळे झाला असं मी मानलं.

बोर्ड काकांकडे लागला आणि थंडी सुरू झाली. पहाटे फोन.

‘साहेब, पॉलिहाउसात किती डिग्री असंल?’

‘बारा-तेरा असेल, काका.’

‘तुमचा डबा तीन हजार दोनशे एकावन्न म्हणतोय. फॉगर चालू हायेत.’

लोखंड साधारण १५३८ अंशांना वितळतं. म्हणजे काकांच्या पॉलिहाउसचा सांगाडा आतापर्यंत दोनदा वितळून व्हायला हवा होता. मी उठून बसेपर्यंत काका म्हणाले, ‘थांबा, बंद झाले. आता वजा तीन हजार दोनशे शहात्तर.’ निसर्गात उणे २७३.१५ च्या खाली काहीच जात नाही. आमचे गुलाब गेले होते.

माझ्या कोडमध्ये एक अंशाची हिस्टेरेसिस होती, म्हणजे तापमान थोडंसं हललं म्हणून फॉगरने सारखी उघडझाप करू नये अशी सोय. ती ठेवल्याचा मला अभिमान होता. इथे आकडा एका दमात ६५२८ अंशांनी हलत होता. आकडा शक्य कोटीतला आहे का हे तपासायची ओळही होती. तिच्या जागी ‘नंतर लिहू’ अशी कमेंट होती, एवढंच.

काकांनी बटण ‘मॅन्युअल’वर टाकलं म्हणून बाग वाचली. थंडीत पानं ओली राहिली असती तर डाऊनी हा रोग आला असता, आणि डाऊनी आला असता तर मी स्टेशन सोडून गावात राहायला गेलो असतो, म्हणजे काकांना सापडलो नसतो.

यानंतरचा काळ मी वायरींत घालवला. सेन्सर आरएस-४८५ च्या दोन वायरींवर बोलतो, ए आणि बी. यातली गंमत अशी की काही कंपन्या जिला ए म्हणतात तिला बाकीच्या बी म्हणतात, त्यामुळे उलटसुलट करून बघण्याला या धंद्यात मान्यता आहे. मी करून बघितलं. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. शील्डला अर्थिंग दिलं, मग काढलं, मग परत दिलं. महावितरणला दोष दिला. शेवटी लोकलच्या वायरीतल्या पंचवीस हजार व्होल्टवर संशय घेतला, जरी रेल्वे तिथून बरीच लांब होती. काकांना म्हणालो, ‘इंटरफेरन्स असणार.’

काका म्हणाले, ‘कुणाचा?’

त्या वायरींवरची भाषा मॉडबस, आणि तिच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी सीआरसी नावाचे दोन बाइट असतात. संदेश वाटेत बिघडला तर ते जुळत नाहीत. माझे दर वेळी जुळत होते. म्हणजे सेन्सरने पाठवलेलं जसंच्या तसं माझ्यापर्यंत पोचत होतं, आणि बिघडत होतं ते पोचल्यावर, माझ्या घरात. हे कळायला काही बुद्धी लागत नाही. मला मात्र वही लागली.

काकांची वही शाळेची, दोनशे पानी. पाठीमागे पाढे छापलेले. सुतळीने बांधलेलं बॉलपेन. फवारणी, खत, तोडणी सगळं तिच्यात. मी वायरींशी झटत होतो तेव्हा काकांनी एका पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. एकावर लिहिलं होतं ‘डबीवरचं’, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या स्क्रीनवरचं, जिच्याकडे मी बाल्कनीतून निघाल्यापासून मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्यावर ‘साहेबांचं’. डबीवर २५.६, साहेबांचं ०.१. डबीवर २५.७, साहेबांचं २५.७, याला काकांनी गोल केला होता. डबीवर २५.८, साहेबांचं ५१.३. मग २५.९ ला ७६.९. मग २६ ला १०२.५, आणि पुढे बारीक अक्षरात ‘पाणी उकळलं’.

‘एक बघा साहेब,’ काका म्हणाले. ‘डबीवर एक पॉइंट वाढला की तुमचं पंचवीस पॉइंट सहा वाढतंय. दर वेळी. आणि पंचवीस सातला बरोबर.’

पंचवीस पॉइंट सहा. दशांशचिन्ह काढलं की २५६. मी तिथेच दोन सऱ्यांच्या मधे बसलो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी हिशोब असा. सेन्सर दशांशचिन्ह पाठवत नाही, २५.७ म्हणजे तो २५७ पाठवतो. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, म्हणून बाइट दोन: पहिला २५६ चे गट किती ते सांगतो, दुसरा सुटे किती ते. २५८ म्हणजे एक गट, सुटे दोन. मॉडबस हा १९७९ सालचा प्रोटोकॉल, आणि त्याचा नियम आहे की मोठा बाइट, म्हणजे गटांचा, आधी पाठवायचा. माझा जुना कोड ते दोन बाइट उचलून ‘हा घे आकडा’ म्हणून तसेच प्रोसेसरच्या हवाली करत होता. ८०५१ साठी आम्ही वापरायचो तो कायलचा सी-५१ कंपायलर आकडे मोठा बाइट आधी ठेवूनच मांडतो, त्यामुळे सगळं जुळत होतं. आमचा एआरएम लहान बाइट आधी समजतो. त्याने एक गट आणि दोन सुटे याचे दोन गट आणि एक सुटा केले. ५१३. म्हणजे ५१.३ अंश. आणि २५७ मध्ये एक गट, एक सुटा. तो उलटा केला तरी २५७. बाल्कनीतल्या त्या संध्याकाळी नेमका तो आकडा समोर आला जो चूक दाखवूच शकत नाही, आणि मी त्याचा फोटो काढला.

पहाटेचंही कोडं सुटलं. १२.७ म्हणजे १२७, गट शून्य. उलटले की १२७ गट: ३२५१.२ अंश. एक दशांश वाढून १२.८ झालं की १२८ गट, आणि सोळा बिटांच्या आकड्यात तिथून पुढे उणे सुरू होतं: उणे ३२७६.८.

मोठा बाइट आधी की लहान, हे भांडण माझ्या बाल्कनीपेक्षा जुनं आहे. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने त्यावर एक टिपण लिहिलं आणि दोन्ही पक्षांना नावं दिली बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन. नावं जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधली. तिथे उकडलेलं अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून लढाया होतात. इंटेल लहान टोकाचं, मोटोरोलाचा ६८००० मोठ्या टोकाचा, इंटरनेटचे प्रोटोकॉल मोठ्या टोकाचे. टिफ चित्राच्या फाइलची सुरुवातच मुळी ‘आय-आय’ किंवा ‘एम-एम’ अशा दोन अक्षरांनी होते, इंटेलच्या पंथाची की मोटोरोलाच्या हे आधीच सांगून टाकायला. आणि मॉडबस? आकडे मोठ्या टोकाने पाठवतो आणि त्याच संदेशाच्या शेवटची सीआरसी लहान टोकाने. सीआरसीचा कोड मी एकेक बाइट हाताळून लिहिला होता म्हणून तो कुठेही चालला. तसाच बाकीचा लिहावा हे मला सुचलं नव्हतं.

पण खरा घाव घरी बसला. आमच्या सोसायटीत एक निवृत्त गुरुजी आहेत. संध्याकाळी बाकावर मी त्यांना ही रामकहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘बालभारतीच्या वेळी तू कोणत्या बाजूला होतास?’

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी मांडणी आली आणि महाराष्ट्रात रण पेटलं. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरही कोट्या झाल्या. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की मूल ‘त्रेपन्न’ ऐकतं तेव्हा तीन आधी कानावर येतो, पण लिहिताना पाच आधी लिहावा लागतो, आणि बरीच मुलं इथेच अडखळतात. दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात, इंग्रजीतही. त्यांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्यांत मी नव्हतो. मी याच बाकावर उभा राहून ‘आमचं काय बिघडलं त्रेपन्न म्हणून?’ असा सवाल केला होता. टाळ्या मिळाल्या होत्या.

काय बिघडलं ते आता कळलं. मी जन्मभर लहान टोकाने बोलतो आणि मोठ्या टोकाने लिहितो, आणि मधलं उलटणं इतकं अंगवळणी पडलंय की ते करावं लागतं हेच विसरलो. गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. ‘सव्वीसशे त्रेपन्न लिही,’ म्हणाले. ‘आता कानावर कोणता अंक कधी आला ते सांग.’ सहा, दोन, तीन, पाच. मोठी जोडी आधी, पण जोडीच्या आत लहान अंक आधी. १९७० साली आलेला डिजिटल कंपनीचा पीडीपी-११ हा संगणक चार बाइटांचे मोठे आकडे नेमके असेच ठेवायचा. जगभरचे प्रोग्रॅमर त्या विचित्रपणाला आजही हसतात. आम्ही तो बाजारात रोज बोलतो. पुढे काकांनी प्रकाश मोजायचा सेन्सर आणला, चार बाइटांचा, तोही जोड्यांचा असाच खेळ करणारा निघाला, तेव्हा मी त्याच्याशी मराठीत वागलो आणि तो पहिल्या झटक्यात वाचला गेला.

दुरुस्ती सोपी असायला हवी होती. मी ती अवघड केली. घाबरून वाचणाऱ्या फंक्शनमध्ये बाइट उलटवले, आणि आदल्या रात्री तसेच घाबरून स्क्रीनवर दाखवणाऱ्या फंक्शनमध्येही उलटवले होते. दोन उलट्यांचं सुलट झालं आणि स्क्रीनवर परत तीन हजार. मग ‘यंत्र कोणत्या पंथाचं आहे ते ओळख आणि त्याप्रमाणे उलटव’ अशा अटींचं जंगल उगवलं. त्यात हरवलो असताना संगणकतज्ज्ञ रॉब पाइक यांचं २०१२ सालचं लिखाण आठवलं. त्यांचं म्हणणं एवढंच की यंत्राचा क्रम कोणता याच्याशी तुम्हाला कर्तव्यच नाही. येणाऱ्या डेटाचा क्रम कोणता तेवढं पाहा आणि आकडा गणिताने बांधा. पहिला बाइट गुणिले २५६, अधिक दुसरा. हा गुणाकार ८०५१ वर, एआरएमवर आणि काकांच्या वहीवर सारखाच होतो. सगळ्या अटी खोडल्या. एक ओळ राहिली. ती लिहायला मला ही सगळी थंडी लागली.

आता राहिला मराठी मेसेज.

देवनागरीचा एसएमएस जातो युनिकोडमध्ये, दर अक्षराला दोन बाइट, जास्तीत जास्त सत्तर अक्षरं. यातही नियम मोठा बाइट आधी. मी येणारे आकडे सुधारले होते. जाणाऱ्या अक्षरांचा विचार मनाला शिवला नव्हता. बोर्डाने पहिला मेसेज पाठवला आणि काकांचा फोन आला.

‘साहेब, नातू म्हणतो चायनाचा मेसेज आलाय. चिनी लोकांना आपल्या गुलाबाचा भाव कळला काय?’

मी यादी काढून बसलो. युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक ०९१५. उलटला की १५०९, हे कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या लिपीतलं अक्षर. ‘ग’ चा ०९१७. उलटून १७०९, फिलिपिन्सच्या जुन्या लिपीतलं. ‘ळ’ चा ०९३३, त्याचं ३३०९, जपानीत ‘औंस’ लिहायची खूण. आणि आपला काना उलटला की होतं चिनी अक्षर. मराठीत काना किती येतो हे वेगळं सांगायला नको. मी काकांना ‘गुलाबाला गारठा’ एवढंच कळवलं होतं आणि त्यात निम्मा आशिया येऊन गेला. त्याच मेसेजमध्ये मी काकांना ‘काका’ म्हणून हाक मारली असती, तर ती अर्धी कॅनडात आणि अर्धी चीनमध्ये ऐकू गेली असती.

तेही सुधारलं. टेस्टिंगच्या त्या ओळीचे पैसे मी बिलातून कमी केले. काका म्हणाले, ‘राहू द्या साहेब, टेस्टिंग झालंच की. मी केलं.’ आणि ते पैसे स्वतःच्या नावावर वळते करून घेतले.

तेव्हा मावळात कोणाकडे जुना ८०५१ चा कंट्रोलर पडून असेल आणि तो नवीन बोर्डावर न्यायचा असेल, तर अवश्य बोलवा. मी आता चाचणीला २५.७ घेत नाही; ४६६० घेतो, म्हणजे गट अठरा आणि सुटे बावन्न, उलटले की लगेच ओरडतात. पत्ता: तळेगाव, स्टेशन. आणि एक आधीच सांगून ठेवतो, पैशांच्या बाबतीत मी कडवा बिग-एंडियन आहे. मोठा हप्ता आधी.